सुरुवातीचे बाइट वाचून वायरलेस प्रोफाइलचा फॉर्मॅट कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या मशीनच्या बॅकअपमधून चार फाइल्स मिळाल्या आहेत, एक्स्टेन्शन कुणालाच उरलेलं नाही, आणि चारही वाय-फायच्या प्रोफाइल असाव्यात असा अंदाज आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट सोळा-आधारी अंकांत दाखवणाऱ्या टूलमध्ये) पहिलीची सुरुवात ३सी ३एफ ७८ ६डी ६सी अशी दिसते, दुसरीची एफएफ एफई ३सी ०० ३एफ ०० अशी, तिसरीची ३० ८२ ०ई ५ए ०६ ०९ २ए ८६ ४८ अशी. चौथीच्या सुरुवातीला ओळखीचं काहीच नाही, फक्त सोळाव्या ऑफसेटवर (सुरुवातीपासून, शून्यापासून मोजलेल्या जागेवर) ०६ ०० ०० ०० आहे आणि विसाव्यापासून ४ई ४९ ५३ ४१ ५२ ४७ असं नेटवर्कचं नाव वाचता येतं. यातली वायरलेस प्रोफाइलची खरी सिग्नेचर (फॉर्मॅट ओळखून देणारे ठरलेले बाइट) कोणती, आणि बाइटांवरून फॉर्मॅट ओळखणाऱ्या ‘फाइल’ कमांडसाठी सगळ्यांना पकडणारा एकच मॅजिक नियम लिहिता येईल का?

एकच नियम लिहिता येणार नाही, कारण वायरलेस प्रोफाइल हा एक फॉर्मॅटच नाही. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि किल्ली साठवण्याची आपापली पद्धत ठरवली, आणि बहुतेकांनी त्यासाठी नवा बायनरी फॉर्मॅट न बनवता आधीपासून असलेलं एखादं कंटेनर वापरलं: एक्सएमएल, ॲपलची प्रॉपर्टी लिस्ट, जेसन, साधी आयएनआय पद्धतीची मजकूर फाइल. म्हणून पहिले बाइट तुम्हाला सांगतात ते कंटेनर. ती प्रोफाइल आहे की नाही, आणि कुणाची आहे, याची खूण आत असते. हे दोन टप्पे वेगळे ठेवलेत की तुमच्या चारही फाइल्स सुटतात.

पहिली आणि दुसरी फाइल तुम्हाला दोन वेगळे फॉर्मॅट वाटले, पण मजकुराच्या पातळीवर दोन्हीची सुरुवात एकच आहे. ३सी ३एफ ७८ ६डी ६सी म्हणजे एक्सएमएल डिक्लेरेशनची पहिली पाच अक्षरं: कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि एक्स, एम, एल. दुसऱ्या फाइलमध्ये हीच अक्षरं यूटीएफ-१६ लिटल एंडियनमध्ये (प्रत्येकी दोन बाइट, लहान बाइट आधी) लिहिली आहेत. एफएफ एफई हा तिथला बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे बाइटांचा क्रम सांगणारी खूण, आणि त्यापुढे प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट. यूटीएफ-८ चा मार्क लावलेली तिसरी तऱ्हाही तुम्हाला कधीतरी भेटेल. तिची सुरुवात ईएफ बीबी बीएफ अशी होते. त्यामुळे ‘शून्य ऑफसेटवर ३सी ३एफ’ एवढाच नियम लिहिला तर तीनपैकी दोन तऱ्हा निसटतात.

असं एनकोडिंग बदलतं कसं, हे माहीत असलं तर फाइलचा मागचा प्रवासही कळतो. विंडोजवर ‘नेटश’ या कमांडने प्रोफाइल एक्सपोर्ट केली की साधी एक्सएमएल फाइल मिळते. तीच कुणी विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये वाचून ‘आउट-फाइल’ने पुन्हा लिहिली, तर ती यूटीएफ-१६ मध्ये आणि मार्कसकट बाहेर पडते, कारण तिथला डीफॉल्टच तो आहे. दुसऱ्या फाइलच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त वाटते. मूळ एक्सपोर्ट नसून एखाद्या स्क्रिप्टमधून गेलेली प्रत असावी.

आता दुसरा टप्पा. विंडोज व्हिस्टापासूनच्या प्रोफाइलमध्ये मूळ एलिमेंट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा टॅग, ‘डब्ल्यूलॅनप्रोफाइल’ नावाचं असतं आणि त्यावर मायक्रोसॉफ्टच्या वेब पत्त्यासारखी दिसणारी, ‘नेटवर्किंग/डब्ल्यूलॅन/प्रोफाइल/व्ही१’ अशी संपणारी नेमस्पेस (टॅग कुणाच्या रचनेतले आहेत ते सांगणारं नाव) असते. ओळख तिच्यावर टेकवा. फक्त एलिमेंटचं नाव शोधायला गेलात तर एक खड्डा आहे: विंडोजची वायर्ड नेटवर्कची प्रोफाइल ‘लॅनप्रोफाइल’ या एलिमेंटने सुरू होते, आणि ही अक्षरं ‘डब्ल्यूलॅनप्रोफाइल’च्या पोटात जशीच्या तशी आहेत. शोध आखूड ठेवला की केबलची प्रोफाइल वायरलेस म्हणून ओळखली जाते. नेमस्पेसमध्ये मात्र आधीच्या तिरक्या रेषेसकट ‘/डब्ल्यूलॅन/’ जुळवता येतं आणि गोंधळाला जागा राहत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अलीकडच्या फाइलमध्ये आत कुठेतरी याच नेमस्पेसची ‘व्ही३’ आवृत्ती दिसेल, उदाहरणार्थ मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा हार्डवेअर पत्ता) यादृच्छिक ठेवण्याच्या सेटिंगवर. म्हणून फाइल नव्या फॉर्मॅटची होत नाही. मुळावर व्ही१ आहे तोवर ती व्ही१चीच, आतला तुकडा नंतर जोडलेला.

याच पाच बाइटांनी सुरू होणारे आणखी नातेवाईक आहेत. अँड्रॉइड ८ पासून नेटवर्कची माहिती ‘वायफायकॉन्फिगस्टोअर’ या एक्सएमएल फाइलमध्ये जाते, आणि तिथे डिक्लेरेशनमधल्या आवृत्तीभोवती दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी असतं. एवढ्या फरकानेही ‘संपूर्ण पहिली ओळ जुळली पाहिजे’ असा नियम तुटतो. त्याआधीच्या अँड्रॉइडवर ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या वाय-फाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमची साधी मजकूर फाइल होती. ॲपलची ‘मोबाइलकॉन्फिग’ ही सेटिंगची फाइल सही नसलेली असेल तर तीही एक्सएमएलच, पण तिच्यात प्रॉपर्टी लिस्टचं डॉकटाइप (फाइलचा प्रकार सांगणारी ओळ) असतं आणि वाय-फायच्या भागाचा पेलोड प्रकार ‘कॉम.ॲपल.वायफाय.मॅनेज्ड’ असा लिहिलेला असतो. डॉकटाइप पाहून थांबू नका; ॲपलच्या जगात हजार गोष्टी प्रॉपर्टी लिस्टमध्ये असतात.

विंडोज एक्सपीचा एक जुना प्रकारही बॅकअपमध्ये सापडतो. सर्व्हिस पॅक २ मधला वायरलेस सेटअप विझार्ड यूएसबी ड्राइव्हवर ‘एसएमआरटीएनटीकेवाय’ नावाचं फोल्डर करून त्यात ‘डब्ल्यूसेटिंग’ नावाच्या फाइल्स ठेवायचा. त्यातली ‘डब्ल्यूएफसी’ एक्स्टेन्शनची फाइल एक्सएमएल असते, पण मूळ एलिमेंट ‘वायरलेसप्रोफाइल’ आणि नेमस्पेस ‘प्रोव्हिजनिंग’ खालची. व्हिस्टानंतरच्या प्रोफाइलशी तिची रचना जुळत नाही. पहिली फाइल उघडल्यावर नेमस्पेस कोणती निघते ते पाहा. दोनपैकी एक निघाली तर प्रश्न मिटला.

तिसरी फाइल मला सगळ्यात आवडली, कारण तिथे बाइट खरोखर बोलतात. ३० म्हणजे एएसएन.१ च्या डीईआर एनकोडिंगमधला (प्रमाणपत्रं आणि सह्या लिहिण्याच्या बायनरी पद्धतीतला) ‘सीक्वेन्स’. ८२ म्हणजे ‘पुढच्या दोन बाइटांत लांबी आहे’. ते दोन बाइट ०ई ५ए, मोठा बाइट आधी, म्हणजे ३६७४. सुरुवातीचे चार बाइट त्यात धरले तर पूर्ण फाइल ३६७८ बाइटांची असायला हवी. तुमच्या फाइलचा आकार पाहा. तो ४०९६ निघाला आणि शेवटी नुसती शून्यं असली, तर रिकव्हरीच्या टूलने डिस्कचा पूर्ण क्लस्टर (जागेचा ठरलेला तुकडा) उचलला आहे. ३६७८ वर कापा, मूळ फाइल हातात येईल. आकार त्याहून कमी असला तर फाइल अर्धवट आहे आणि पुढची मेहनत करण्याआधी दुसरी प्रत शोधा.

फक्त ३० ८२ वरून मात्र काही ठरवू नका. दोन-तीनशे बाइटांपेक्षा मोठी आणि ६४ केबीच्या आतली जवळजवळ प्रत्येक डीईआर फाइल अशीच सुरू होते. निर्णय चौथ्या ऑफसेटवर होतो. तिथे पुन्हा ३० ८२ आलं तर बहुधा ते एक्स.५०९ प्रमाणपत्र आहे. ०२ ०१ ०३ आलं तर ती पीकेसीएस#१२ ची किल्लीपेटी, म्हणजे ‘पी१२’ किंवा ‘पीएफएक्स’. प्रमाणपत्रावर चालणाऱ्या ऑफिसच्या वाय-फायमध्ये ती प्रोफाइलच्या शेजारीच सापडते, म्हणून गल्लत होते. आणि ०६ ०९ २ए ८६ ४८ ८६ एफ७ ०डी ०१ ०७ ०२ आलं तर तो ‘साइन्ड डेटा’चा ऑब्जेक्ट आयडेंटिफायर (प्रकार सांगणारा ठरलेला क्रमांक), म्हणजे सही केलेला मजकूर. तुमचे बाइट याच तिसऱ्या वाटेने जातात. शेवटचा बाइट ०२ आहे ना, तेवढं बघून घ्या. तो ०३ असेल तर मजकूर एन्क्रिप्ट केलेला आहे. काही टूल्स लांबी आधी न सांगता ३० ८० अशी सुरुवात करतात, तेही वैध आहे. मग आयडेंटिफायर चौथ्याऐवजी दुसऱ्या ऑफसेटवर येतो आणि लांबीची पडताळणी करता येत नाही.

सही केलेला मजकूर म्हणजे लगेच ॲपलची प्रोफाइल असं नाही. सही केलेला ईमेलही असाच दिसतो. पण सहीने मजकूर लपत नाही, नुसता गुंडाळला जातो. त्यामुळे हेक्स एडिटरमध्ये थोडं खाली गेलात की ३सी ३एफ ७८ ६डी ६सी पुन्हा भेटेल आणि पुढे पेलोडचा प्रकार वाचता येईल. स्वच्छ काढायचं असेल तर ‘ओपनएसएसएल’च्या सीएमएस कमांडला इनपुट डीईआर आहे असं सांगा आणि प्रमाणपत्राची साखळी तपासू नको असा पर्याय द्या. सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र कालबाह्य झालेलं असलं तरी आतली एक्सएमएल बाहेर येते.

मॅकवर बायनरी प्रॉपर्टी लिस्टही भेटते. तिची सुरुवात ६२ ७० ६सी ६९ ७३ ७४ ३० ३०, म्हणजे ‘बीप्लिस्ट००’. ही सिग्नेचर भक्कम आहे: आठ बाइट, ठरलेल्या जागी. शिवाय शेवटचे ३२ बाइट हा ठरलेला ट्रेलर असतो, त्यामुळे शेपूट तुटली आहे की नाही तेही कळतं. मॅकची ज्ञात नेटवर्कची यादी अशा फाइलमध्ये सापडली तरी पासवर्डची अपेक्षा ठेवू नका. ते ‘किचेन’ या मॅकच्या पासवर्डच्या तिजोरीत असतात.

लिनक्सच्या फाइल्सना सिग्नेचर अशी नसतेच. नेटवर्कमॅनेजरची फाइल बहुधा चौकटी कंसातल्या ‘कनेक्शन’ या विभागाने सुरू होते, पण विभागांचा क्रम फॉर्मॅटने बांधलेला नाही आणि वर कुणी टिप्पणी लिहिलेली असू शकते. तिथे ‘टाइप’ वाय-फाय आहे का, आणि वाय-फाय विभागात एसएसआयडी, म्हणजे नेटवर्कचं नाव, आहे का, हेच बघावं लागतं. ‘आयडब्ल्यूडी’ ही लिनक्सचीच दुसरी वाय-फाय सेवा तर नेटवर्कचं नाव फाइलच्या आत ठेवतच नाही, ते फाइलच्या नावात असतं. म्हणून रिकव्हरीत नाव हरवलेली आयडब्ल्यूडीची फाइल ओळखता येते, पण कुठल्या नेटवर्कची ते कळत नाही. क्रोमओएसची ‘ओएनसी’ फाइल जेसन असते; पहिला बाइट ७बी एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, आत ‘नेटवर्ककॉन्फिगरेशन्स’ हे नाव (जेसनमधली ‘की’) शोधा.

चौथी फाइल. तुम्ही दिलेल्या बाइटांनुसार सोळाव्या ऑफसेटवर ०६ ०० ०० ०० आहे आणि विसाव्यापासून ४ई ४९ ५३ ४१ ५२ ४७, त्यानंतर शून्यं. सहा अक्षरी नाव आणि त्याच्या आधी चार बाइटांत लिहिलेला सहा हा आकडा, लहान बाइट आधी. ही जोडी योगायोगाने जुळत नाही. एसएसआयडी जास्तीत जास्त ३२ बाइटांचा असतो, आणि विंडोजच्या रचनांमध्ये तो ‘चार बाइट लांबी, मग ३२ बाइटांची जागा’ असा ठेवतात. तुमच्या फाइलमध्ये ५२व्या ऑफसेटवर काहीतरी नवं सुरू होत असेल तर हे नक्की समजा. अशीच मांडणी एक्सपीच्या ‘वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन’ सेवेची आहे. ती सेवा प्रोफाइल फाइलमध्ये ठेवतच नव्हती. रजिस्ट्रीत ‘डब्ल्यूझेडसीएसव्हीसी’खाली प्रत्येक इंटरफेसच्या नोंदीत ‘स्टॅटिक#००००’ अशा नावांच्या बायनरी व्हॅल्यू असत, आणि त्यात लांबी सोळाव्या ऑफसेटवर आणि नाव विसाव्यावर असतं. म्हणजे कुणीतरी ती व्हॅल्यू जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून ठेवली आहे. पहिले चार बाइट हे त्या रचनेचा स्वतःचा आकार आहेत. तो आकडा फाइलच्या आकाराशी ताडून पाहा.

इथे मॅजिक नाहीच, आणि हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहिले चार बाइट हे आकारमान आहे, ओळखपत्र नव्हे. अशा वेळी ओळख एका ठरलेल्या बाइटमालिकेवर न ठेवता अटींच्या संचावर ठेवायची: सोळाव्या ऑफसेटवरचा आकडा १ ते ३२ मध्ये आहे, विसाव्यापासून तेवढ्या बाइटांनंतर ५१व्यापर्यंत शून्यं आहेत, पहिला आकडा फाइलच्या आकाराशी जुळतो. एकेक अट कमकुवत आहे, तिन्ही एकत्र पुरेशा. शून्यांची अट सक्तीची करू नका, कारण वापरात नसलेल्या जागेत जुना कचरा राहिलेला असू शकतो. आणि नाव ‘वाचता येण्याजोगं’ असलंच पाहिजे असंही धरू नका. एसएसआयडी हा प्रमाणानुसार बाइटांचा समूह आहे, मजकूर नव्हे. ‘घर’ असं देवनागरी नाव यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ ९८ ई० ए४ बी० असं सहा बाइटांचं होतं. दोन अक्षरांच्या नावाआधी सहाचा आकडा पाहून काहीतरी बिघडलं आहे असं वाटू नये. विंडोजच्या एक्सएमएलमध्ये नावाशेजारी वेगळं ‘हेक्स’ एलिमेंट असतं ते याचसाठी. नाव आणि हेक्स यांच्यात फरक दिसला तर हेक्सवर विश्वास ठेवा.

एक गोंधळ इतक्यांदा पाहिला आहे की वेगळा सांगतो. विंडोजच्या प्रोफाइलमध्ये किल्ली संरक्षित असेल तर ‘कीमटेरियल’मध्ये ०१००००००डी०८सी९डीडीएफ अशी सुरू होणारी लांब ओळ असते. हा डीपीएपीआयचा, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनच्या सोयीचा, ब्लॉब: चार बाइटांची आवृत्ती आणि मग पुरवठादाराचा ठरलेला जीयूआयडी (ओळख-क्रमांक). सिग्नेचर म्हणून उत्तम. पण एक्सएमएलमध्ये तो बायनरी नसून अक्षरांत लिहिलेला असतो, त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्ष बाइट दिसतात ते ३० ३१ ३० ३० असे, शून्य आणि एक या अक्षरांचे. बायनरी मालिका शोधाल तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येईल आणि फाइल मात्र समोरच असेल. हा ब्लॉब त्या मशीनच्या सिस्टिम खात्याच्या किल्लीने बंद केलेला असतो. म्हणून फॉर्मॅट ओळखला तरी दुसऱ्या मशीनवर पासवर्ड मिळत नाही. मूळ विंडोजची डिस्क जपून ठेवली असेल तरच आशा.

नियम लिहिताना ‘फाइल’ कमांडची स्तरांची सोय वापरा. मॅजिकच्या ओळीत ऑफसेट, प्रकार, अपेक्षित मूल्य आणि संदेश असतो, आणि पुढच्या ओळीच्या आधी ‘पेक्षा मोठा’ (>) हे चिन्ह लावलं की ती वरची अट जुळल्यावरच तपासली जाते. पहिल्या स्तरावर कंटेनर, दुसऱ्यावर नेमस्पेस. नेमस्पेसची जागा ठरलेली नसते, डिक्लेरेशननंतर टिप्पणीही येऊ शकते, म्हणून तिथे ठराविक ऑफसेटऐवजी ‘सर्च’ प्रकार घ्या आणि त्याला मर्यादा द्या; पहिले एक-दोन हजार बाइट भरपूर झाले. यूटीएफ-१६ साठी वेगळी ओळ लिहावी लागेल, त्याला आडवाट नाही. ‘-एम’ला स्वतःची नियम-फाइल आणि मूळ मॅजिक फाइल दोन्ही देऊन चालवा, कारण नुसती स्वतःची दिली तर ती मूळ यादीची जागा घेते, आणि सोबत ‘-के’ द्या म्हणजे पहिल्या जुळणीवर न थांबता बाकीचे कुठले नियमही लागू होतात ते दिसतं.

नमुने गोळा करून त्यांतले समान बाइट आपोआप काढणारी साधनं आहेत आणि ती उपयोगाची आहेत. फक्त सगळे नमुने एकाच मशीनचे असतील तर ती त्या मशीनची ओळख काढून देतात. सगळ्या प्रोफाइल डब्ल्यूपीए२च्या असतील तर ‘डब्ल्यूपीए२पीएसके’ हा शब्दही सिग्नेचरमध्ये शिरतो, आणि पहिलं उघडं नेटवर्क आलं की नियम गप्प बसतो. नमुने मुद्दाम वेगळे करा: आखूड नाव, पूर्ण ३२ बाइटांचं नाव, देवनागरी नाव, उघडं नेटवर्क, किल्लीसकट आणि किल्लीविना. एका वेळी एकच गोष्ट बदलून दोन फाइल्सची तुलना केली की कुठला बाइट कशामुळे हलतो ते स्पष्ट दिसतं. जे कशानेच हलत नाही आणि फॉर्मॅटला ज्याची गरज आहे, तेवढंच नियमात घ्या.

मग नियम अशा फाइल्सवर चालवा ज्या त्याने नाकारल्या पाहिजेत: वायर्ड प्रोफाइल, वाय-फायचा पेलोड नसलेली मोबाइलकॉन्फिग, साधं प्रमाणपत्र, पी१२, सही केलेला ईमेल. वायरशार्कच्या कॅप्चर फाइल्सही (टिपून ठेवलेली नेटवर्कवरची रहदारी) घ्या, कारण लोक त्यांनाही ‘वाय-फायची फाइल’ म्हणतात. पीकॅप लिटल एंडियन मशीनवर डी४ सी३ बी२ ए१ ने सुरू होते आणि पीकॅप-एनजी ०ए ०डी ०डी ०ए ने.

मदत मागताना पहिले ६४ बाइट आणि फाइलचा आकार एवढंच द्या. चौथ्यासारख्या फाइलमध्ये त्यातूनही नेटवर्कचं नाव आणि आठव्या ऑफसेटवरचा मॅक पत्ता दिसतो, तेवढे बाइट झाका. पूर्ण फाइल कुठल्याही ऑनलाइन ओळख-सेवेवर चढवू नका. ‘की=क्लिअर’ने काढलेल्या एक्सपोर्टमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, आणि नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये तो बहुधा तसाच असतो. ६४ हेक्स अंकांची किल्ली दिसली तरी ती निरुपद्रवी समजू नका. ती पासवर्ड आणि नेटवर्कच्या नावावरून पीबीकेडीएफ२ या किल्ली बनवण्याच्या पद्धतीच्या ४०९६ फेऱ्यांनी काढलेली असते, पण त्या नेटवर्कला जोडून घ्यायला तेवढीच पुरते.